तेरा जणांची भज्जी

आमच्या घरी शेत नव्हतं. अण्णांचं शिलाईचं मशीन होतं आणि त्या मशीनवर आम्ही सहा माणसं जगत होतो, पण गावात ज्याला शेत नाही त्याला वर्षातला एक दिवस फार जड जायचा. तो दिवस येळवशीचा. पंचांगात त्याला वेळा अमावस्या म्हणतात, आमच्याकडं तसं कुणी म्हणत नाही. मार्गशीर्षातली ती अवस आली की सगळं गाव टोपल्या डोक्यावर घेऊन आपापल्या शेतात जातं, कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतं, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतं, पिकाभोवती फिरून आंबील शिंपडतं आणि तिथंच जेवतं. आम्हाला आमंत्रणांची ददात नव्हती. ज्यांचे सदरे अण्णांनी शिवले ते सगळे दारात येऊन म्हणायचे, "अण्णा, यंदा आमच्या शेतात यायचं बरं का." कुणी रुसू नये म्हणून अण्णा आम्हाला एका दिवसात तीन-चार शेतं हिंडवायचे, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन घास. आईला ते मुळीच आवडायचं नाही. ती घरून चार भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून घ्यायची आणि कुणाच्याही कोपीपुढं बसताना आधी आपलं फडकं सोडायची. "मोकळ्या हातानं कुनाच्या रानात जायचं न्हाय," एवढंच म्हणायची. त्या चार भाकरींकडं कुणी बघायचं नाही, संध्याकाळी त्या तशाच घरी यायच्या, आणि मला त्यांची भयंकर लाज वाटायची.

घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, त्याच्या पायाचा खडखडाट सकाळी चहाच्या आधी सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला थांबायचा. मधेच कोळशाच्या इस्त्रीचा वास यायचा, ओल्या कापडाचा चर्र असा आवाज व्हायचा. आम्ही भावंडं चिंध्यांमध्ये वाढलो. माझ्या बाहुल्यांना जितके कपडे होते तितके मला नव्हते. आई मागच्या खोलीत भाकरी थापायची आणि काज-बटणं करायची, दोन्ही कामांत तिचं तोंड बंद असायचं. आता मी तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी झाले. गुडघे कुरकुरतात, दुपारी वीज गेली की लिहिताना घाम कागदावर पडतो, आणि ती एवढी गप्प का असायची ते मला आता आता उमगायला लागलं आहे. ती दमलेली असायची, दुसरं काही नाही.

मी नववीत गेले त्या वर्षी आमच्या हायस्कुलात शेतसेवा सुरू झाली. हेडमास्तरांची कल्पना अशी की नववीच्या मुलांचे गट करायचे, गटावर एक शिक्षक द्यायचा, आणि ज्याला स्वतःच्या हातानं शेत करणं जमत नाही अशा माणसाचं शेत त्या गटानं एक हंगाम सांभाळायचं. दर शनिवारी शाळा सुटली की खुरपी घेऊन निघायचं. गावात यावर बरीच कुरकुर झाली. आपल्या रानात तण माजलंय आणि पोरगी दुसऱ्याच्या रानात खुरपायला चालली, हे कुठल्या बापाला रुचणार? शिक्षकही खूश नव्हते, पण त्यांना कोण विचारतो. आमच्या गटात बारा पोरं-पोरी होत्या आणि आमच्यावर नेमले गेले गांगुर्डे सर.

सर नाशिककडचे. आमचं गाव तेरच्या अलीकडं, आणि ते गाव नकाशावर शोधायला आपल्याला दोन दिवस लागले असं ते वर्गात सांगायचे. विज्ञान आणि गणित त्यांच्याकडं होतंच, इंग्रजीचे सर बदलून गेल्यावर इंग्रजीही त्यांच्याच गळ्यात पडलं. बायको आणि लहान मुलगी तिकडं, हे इकडं शाळेमागच्या एका खोलीत स्टोव्हवर खिचडी करून खाणार. बदलीचा अर्ज दिलेला होता. वर्गात शिकवता शिकवता ते कधी कधी खडू हातात धरून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे आणि आम्हाला वाटायचं, सर विचार करतायत. पुढं मी स्वतः शिक्षिका झाले, माझ्या शाळेतही असले उपक्रम वर्षानुवर्षं मीच ओढले, तेव्हा कळलं की तसं उभं राहिलेला मास्तर विचार वगैरे काही करत नसतो. तो उभ्या उभ्या झोपलेला असतो.

आमच्या वाट्याला शिवलिंग आप्पांचं शेत आलं. तीन एकर काळी जमीन, गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. आप्पा बैलगाडीवरून पडून कंबरेतून अधू झालेले. त्यांना दोघांनी धरून उठवावं लागायचं. पण शेतात आल्याशिवाय त्यांना राहवत नसे, म्हणून कुणाच्या तरी गाडीतून येऊन बांधावर बाजेवर बसायचे. त्यांची बायको गंगव्वा, तिला सगळे अव्वाच म्हणायचे. ती माहेरची उमरग्याकडची, रागावली की कानडीत बोलायची आणि आप्पाही तिला कानडीतच उत्तर द्यायचे, त्यामुळं त्यांची भांडणं आम्हाला कधी कळली नाहीत. एकुलता एक मुलगा बसवराज पुण्यात कारखान्यात होता.

पहिल्याच शनिवारी सगळ्यांच्या ध्यानात आलं की सरांना शेतीतलं ओ की ठो येत नाही. आम्ही ज्वारीत पात धरली, म्हणजे प्रत्येकानं दोन-दोन ओळी वाटून घेतल्या आणि बसून पुढं सरकायला लागलो. सरांनी पण आपली पात धरली. सरांनी बाजूला उभं राहून देखरेख केली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं, पण ते धोतराचा काचा मारावा तशी पॅन्ट वर खोचून आमच्यात बसले. आप्पा बाजेवरून ओरडले, "मास्तर, ते खुरपं हाय, लेखनी न्हाय. मुठीत धरा. आन त्ये काय उपटलं? ज्वारी व्हती की ती!" पोरं खिदळली. सरांनी ते रोप हातात घेऊन नीट पाहिलं आणि विचारलं, "आप्पा, मग तण कसं ओळखायचं?" आप्पांनी त्यांना जवळ बोलावलं, दोन काड्या हातात दिल्या आणि समजावून सांगितलं. पुढच्या शनिवारी सरांनी तेच आम्हाला फळ्यावर चित्र काढून शिकवलं, जणू आम्हालाच ठाऊक नव्हतं! सर कायम मागं राहायचे. ज्याची पात आधी संपे तो उलट्या बाजूनं सरांच्या पातीत शिरून खुरपत यायचा आणि मधे कुठंतरी दोघांची गाठ पडायची. अशा वेळी ते घरची विचारपूस करायचे. शोभा पाटलाची, तिच्या घरी चाळीस एकर. तिला ते म्हणाले होते, "तू गणितात एवढी घाबरतेस कशाला? ओळी मोजताना तर एकदाही चुकली नाहीस." शोभा त्या दिवसापासून त्यांची भक्त झाली. अव्वा परतताना प्रत्येकाच्या हातावर गूळ-शेंगा ठेवायची आणि सरांना सगळ्यांत जास्त द्यायची, कारण ते लई वाळलेत असं तिचं मत होतं.

आणि मी? मी तिथं वेडी झाले. इतर पोरांना ते काम होतं, मला ते शेत होतं. पेरलेलं उगवताना मी पहिल्यांदाच रोजच्या रोज बघत होते. शनिवार सोडूनही मी शाळा सुटली की पळत जाऊन हरभऱ्याला किती पानं फुटली बघून यायचे. घरी बोलताना "आमच्या शेतात" असं म्हणायला लागले. अण्णा मशीनवरून मान वर करून बघायचे, मग पुन्हा पाय चालवायचे. शोभानं एकदा शाळेत सगळ्यांसमोर विचारलं, "तुजं कुठलं गं शेत?" मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही.

येळवशीच्या आधीच्या शनिवारी काम लवकर आटोपलं. ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती, हरभऱ्याला घाटे धरायला लागले होते. अव्वानं शेंगा वाटता वाटता म्हटलं, "यंदा येळवस समद्यांनी हितंच करायची. मास्तर, तुमी पन." सर हात झटकत म्हणाले, "येऊ की अव्वा. सगळे येऊ." पोरं खाली मान घालून उभी राहिली. सर बोलल्यावर मधे तोंड घालायची कुणाची टाप नव्हती. मग आप्पा बोलले. ते नेहमी ओरडून बोलायचे, त्या दिवशी हळू बोलले. "बस्वा येयलाय येळवशीला, जीप घिऊन. दोन सालं झाली, पुन्याला चला म्हनून मागं लागलाय. शेत बटईनं द्या, घराला कुलूप घाला म्हनतोय. म्या त्याला सांगितलंय, माज्या रानाला तेरा मानसं हायत. डोळ्यानं बघून जा. दिसली तर म्या मरंस्तवर हितं, न्हाय दिसली तर तू नेशील तिकडं." सरांनी मान हलवली. ते दमलेले होते, त्यांचं लक्ष वाटेकडं होतं, आणि त्यातलं किती त्यांच्या कानात शिरलं ते मी सांगू शकत नाही. निघताना अव्वानं मला बाजूला घेतलं. "तेरा जनांचं करू का गं? नक्की?" मी म्हटलं, व्हय. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा व्हय म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं माझी हनुवटी धरली. "नक्की न्हवं?" "नक्की, अव्वा."

आज मला याचं नवल वाटतं की अव्वाला शब्द देणारी सर आणि मी, आम्ही दोघंच अशी होतो ज्यांना शेत नव्हतं. येळवशीला माणूस आपलं शेत सोडून दुसऱ्याच्या शेतात जात नाही, हे त्या अकरा पोरांना आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. सर परके, त्यांना हा सण म्हणजे एक सुट्टी आणि चार ठिकाणची जेवणाची आमंत्रणं. आणि मी जन्मभर दुसऱ्यांच्याच शेतात येळवस केलेली. शेत सोडून जाता येत नाही म्हणजे काय, हे मला कसं कळावं? अव्वाला मात्र कळायला हवं होतं. तिला कळलंही असेल, म्हणूनच तिनं तीनदा विचारलं असेल.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं की यंदा कुणाला व्हय म्हणायचं नाही, आपण आमच्या शेतात जायचं. अण्णांनी खरंच सगळ्यांना नाही म्हटलं. दारात आलेल्या माणसांना हात जोडून सांगायचे, "यंदा पोरीचं शेत हाय." आईनं चार भाकरींच्या ऐवजी आदल्या दिवशी दोन शेर गहू भिजवून खीर केली, आणि ती खीर ढवळताना ती चक्क काहीतरी गुणगुणत होती. मी तिला तसं त्याआधी ऐकलं नव्हतं.

येळवशीला सकाळी आम्ही निघालो तेव्हा वाटेला माणसांची रीघ लागली होती. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, पुरुषांच्या खांद्यावर आंबिलीचे माठ, पोरांच्या अंगात अण्णांनीच शिवलेले नवे सदरे. आप्पांच्या शेताशी भाड्यानं आणलेली जीप उभी होती. बसवराज पांढरा शर्ट घालून कडब्याची कोप बांधत होता आणि आप्पा बाजेवरून त्याला चुका सांगत होते. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं अण्णांना वाकून नमस्कार केला, आईच्या हातातलं खिरीचं पातेलं स्वतः घेतलं. कोपीच्या आडोशाला अव्वानं मांडलेलं सगळं मी डोळे भरून बघितलं. दोन मोठ्या पातेल्यांत भज्जी, तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन घालून घट्ट शिजवलेली. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, परातभर. तीळ लावलेल्या भाकरींची चवड, शेंगांची पोळी, आणि ताक-ज्वारीची आंबील, तिला लसणाचा वास. दोन दिवस अव्वाचा डोळ्याला डोळा लागला नसणार. कंबर धरून धरून ती बोलत होती आणि तरी सारखी वाटेकडं बघत होती.

पूजा झाली. बसवराज आंबिलीचा तांब्या घेऊन शेताला फेरी घालायला गेला. त्या फेरीत जी आरोळी द्यायची ती तो विसरला होता, आप्पा बाजेवरून एकेक शब्द ओरडत होते आणि तो मागून म्हणत होता. मग बसणं. आप्पांनी सांगितलं, पोरं आल्यावरच जेवायचं. सूर्य डोक्यावर आला. चारी बाजूंच्या शेतांतून हसण्याचा आवाज येत होता, झाडांना बांधलेले झोके दिसत होते. शोभाच्या शेतातला लाल झेंडूचा हार घातलेला बैल इथून ओळखू येत होता. माझ्या धाकट्या भावाला भूक अनावर झाली तेव्हा अव्वानंच त्याला एक उंडा दिला. बसवराज घड्याळात बघायचा आणि कुणाचं लक्ष नाही असं वाटून पुन्हा बाही खाली ओढायचा. अव्वा म्हणाली, "कुठवर आली बग गं." मी बांधावर चढले. वाट रिकामी होती. तिसऱ्यांदा चढले तेव्हा खाली उतरायचं धैर्य झालं नाही, तशीच पलीकडं उडी मारून गावाकडं पळत सुटले.

येळवशीच्या दुपारी गाव कसं दिसतं ते मी तोवर पाहिलं नव्हतं. सगळ्या दारांना कड्या, चावडीपुढं दोन कुत्री, बाकी चिटपाखरू नाही. माझ्या पावलांचा आवाज मलाच येत होता. सरांचं दार मी किती वेळ वाजवलं कुणास ठाऊक. त्यांनी उघडलं तेव्हा गालावर उशीच्या वळ्या उमटलेल्या होत्या. मागं जमिनीवर चाचणीच्या पेपरांचे गठ्ठे पडले होते, एक अर्धा तपासलेला.

"काय गं सुमन? आज सुट्टी आहे ना?"

"सर, आप्पा वाट बघायलेत."

"आप्पा?" त्यांना क्षणभर आठवेना. "अगं, पण ते... मला या आठवड्यात पंधरा-वीस जणांनी बोलावलं. मला वाटलं, सगळेच म्हणतात तसं."

"त्यांचा मुलगा आलाय सर. तेरा मानसं दिसली न्हाईत तर ते आजच पुन्याला जानार."

सर उंबऱ्यावर बसले. "आणि बाकीचे?"

"आपापल्या शेतात."

"एकही नाही गेला?"

"न्हाय."

"तुला ठाऊक होतं?"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं आणि म्हणाले, "फार दमलोय गं मी." शिक्षकानं असं काही म्हणावं हे मला नवीन होतं. मला त्यांचा राग आला, इतका की रडू फुटलं. मला वाटत होतं, तुम्ही मोठे आहात, तुम्ही दमून कसं चालेल? ते बहुधा चौतीस-पस्तिशीचे असतील. आता माझा मुलगा त्याहून मोठा आहे, आणि तो कामावरून येऊन सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगतो तेव्हा मी आवाज न करता चहाचा कप उचलते. त्या दिवशी मात्र मी हुंदके देत तिथंच उभी राहिले. सरांनी चपला पायांत सरकवल्या. "तू परत जा. त्यांना सांग, सर सगळ्यांना घेऊन येतायत. मी एकेका शेतात जाऊन पोरं उचलतो."

मी तसंच जाऊन सांगितलं. आप्पा उजळले. "बग बस्वा," म्हणाले, "म्या काय म्हनलं व्हतं?" अव्वानं भज्जीवरचं झाकण काढून पुन्हा बसवलं. बसवराज हसला आणि जीपवाल्याला म्हणाला, थांबू अजून थोडं.

सर तिकडं काय करत होते ते मला नंतर शोभानं सांगितलं. ते पहिल्यांदा पाटलांच्याच शेतात गेले. येळवशीला वाटसरूसुद्धा कोपीपुढून उपाशी जाऊ देत नाहीत, आणि इथं तर पोरीचे मास्तर आपल्या पायानं चालत आलेले! शोभाच्या बापानं त्यांचा हात धरून खाली बसवलं. सर सांगत होते, घाई आहे, आप्पा निघालेत. "जाऊ की मास्तर, कोन न्हाय म्हनलं? पर दोन घास खाल्ल्याबिगर पोरगी न्हाय सोडनार." दोन घास म्हणजे एक उंडा, वाटीभर भज्जी, पोळी आणि तांब्याभर आंबील. तिथून शोभाला घेऊन दुसऱ्या शेतात, तिथंही तेच. नाही म्हटलं तर त्या घरच्या म्हातारीचे डोळे भरून येणार. तिसऱ्या शेतात वेगळी खीर. प्रत्येक शेतात पोर सुटायचं ते सरांच्या जेवणानंतरच. सातव्या शेतातून निघाल्यावर सर बाभळीमागं गेले आणि तोंड पुसत बाहेर आले, मग आठव्या शेतात जाऊन बसले. तोवर सूर्य बराच कलला होता.

इकडं जीपवाल्यानं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. त्याला अंधारात घाट नको होता. अव्वा म्हणत होती, थांबा, अजून थोडं थांबा, आणि आप्पा ज्वारीकडं बघत होते. शेवटी तेच म्हणाले, "चल बस्वा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. अण्णांनी आणि बसवराजनं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून जीपकडं नेलं. वाटेत त्यांनी थांबून ज्वारीचं एक पान हातात घेतलं, सोडलं. अव्वानं पाणी पिऊन कंबर सरळ केली, माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "नक्की म्हनली व्हतीस की गं, यव्वा." मी मान वर केली नाही. गाव सोडताना ते घरापाशी थांबले ते फक्त दोन बोचकी घ्यायला. ते परत राहायला कधी आले नाहीत. शेत बटईनं दुसऱ्याकडं कसायला गेलं, दोन वर्षांनी आप्पा पुण्यातच वारले असं कळलं, आणि सरांची बदली त्याच उन्हाळ्यात झाली. पण जीप सुरू व्हायच्या आधी आप्पांनी मला हाक मारली. "सुमे, पोरं येतील. आपापलं आवरून येतील. त्यान्ला जेवल्याबिगर जाऊ देऊ नको. तू हायस न्हवं हितं?"

"हाय, आप्पा."

सर आले तेव्हा दिवस बुडायला टेकला होता. त्यांच्यामागं अकरा पोरं, सगळी धापा टाकत. सरांच्या शर्टावर हळदीचे डाग होते, चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी रिकामी बाज बघितली, चाकांच्या खुणा बघितल्या. "गेले?" अण्णांनी मान हलवली. सर बाजेच्या कडेला बसले आणि गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत राहिले. शोभा कोपीतल्या पाच दगडांकडं बघत उभी होती. आई हळूच अण्णांना म्हणाली, भांडी झाकून गावात नेऊन ठेवू, सकाळी बघता येईल. मी म्हटलं, नको. मी पत्रावळी काढल्या आणि बांधाच्या कडेनं ओळीनं मांडायला लागले. एकूण तेरा, एक सरांची आणि एक माझी.

"बसा सर," मी म्हटलं. "आप्पांनी सांगितलंय, जेवल्याबिगर कुनाला जाऊ द्यायचं न्हाय."

सरांचा हात पोटावर होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते आता नाही म्हणणार असं मला वाटलं, आणि म्हटलं असतं तरी मी काय करू शकणार होते? पण ते उठले, ओळीच्या टोकाला मांडी घालून बसले, आणि मग एकेक करून पोरं बसली. मला हंगामभर जे शेत आपलं असावंसं वाटत होतं, त्या शेतात त्या संध्याकाळी वाढणारी मी एकटीच होते, आणि इतकं वाईट मला पुन्हा फार कमी वेळा वाटलं. मी आधी उंडा ठेवला, त्यावर गार झालेली भज्जी घातली, बाजूला आईची खीर. शोभा रडत रडत म्हणाली, माझ्यानं खाववत न्हाय गं. कुणीतरी म्हणालं, माझ्यानंपण न्हाय. सरांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला, तोंडात घातला. तो घास गिळायला त्यांना बराच वेळ लागला. पोरं त्यांच्याकडं बघत होती. मग हळूहळू सगळ्यांचे हात पत्रावळीत गेले, आणि अंधार पडेपर्यंत तिथं फक्त चावण्याचा आवाज होता. मी पातेलं घेऊन ओळीच्या शेवटी पोहोचले तेव्हा सरांची पत्रावळ स्वच्छ झालेली होती. पातेल्याच्या तळाशी अजून भज्जी होती. त्यांनी ती बघितली, डोळे मिटले, आणि पत्रावळ माझ्याकडं सरकवून म्हणाले, "वाढ."